तेलाचा हात

आधी हात दाखव.
तळवा नको, बोटं.
नखाच्या कडेला बघ, लालसर.
सकाळी मिसळीचा कट पुसून खाल्लास ना?
जा, साबण लाव. दोनदा.
मग व्हॉल्व्हला शिव.

धैर्यशील हसतो. कोडोलीचा पोरगा, एकोणीस वर्षांचा.
त्याला वाटतं मी सोवळं पाळतो.
पाळतोच की.
शिरोलीच्या या पत्र्याच्या शेडमध्ये
तेवीस वर्षं एकच सोवळं:
तेल, ग्रीस, वंगणाची चिंधी
काळ्या बाटल्याच्या तोंडाशी न्यायची नाही.
रेग्युलेटरचा आटा कितीही कुरकुरला
तरी त्यात थेंब सोडायचा नाही.
कुरकुरू दे. बदलून आण.

"पण काका, ऑक्सिजन कुठं पेटतोय?
शाळेत शिकलोय मी. त्यो जळत न्हाई."

खरं आहे. तो स्वतः जळत नाही.
भावकीत एखादा असतो बघ,
कधी कुणावर हात उचलत नाही,
नुसता शेजारी येऊन बसतो,
आणि बांधावरची कुरबूर
कोर्टात जाऊन उभी राहते.
तसा.

म्हणून काळे बाटले या भिंतीला, उभे, साखळीत.
ॲसिटिलीनचे मरून बाटले पलीकडे,
मधे विटांची भिंत.
त्यांची सोयरीक फक्त टॉर्चच्या टोकाशी.
भरलेले इकडं, रिकामे तिकडं.
रिकामा म्हणजे मेला असं समजू नकोस,
टोपी त्यालाही घाल.
बिनटोपीचा एक टेम्पोतून आडवा पडला होता,
मान मोडली त्याची,
आणि तो कंपाउंड फोडून
शेजारच्या उसात गेला, सुसाट,
पाचटाचा पट्टा कापत.
माणूस नव्हतं तिथं, म्हणून गंमत म्हणून सांगतो.

दुसरी गोष्ट गमतीची नाही.

मे महिना. फेटलिंगमध्ये वाळूची भुकटी,
भट्टीची धग पाठीवर.
दस्तगीरचाचा शिकलगार,
माझ्याआधी ही किल्ली त्यांच्या करगोट्याला असायची,
म्हणाले, जरा वारा दे रे.
होज त्यांनी सदऱ्यात घातली.
व्हॉल्व्ह
मी उघडला.
"अहाहा," म्हणाले, "महाबळेश्वर!"
आम्ही दोघंही हसलो.
सदऱ्याच्या धाग्याधाग्यात तो बसून राहिला,
रंग नाही, वास नाही,
आणि चाचा दारामागं जाऊन
बिडी ओढायला बसले.

सीपीआरमध्ये अकरा दिवस.
खाटेशेजारी काळा बाटला, पांढऱ्या गळ्याचा,
काचेच्या भांड्यात बुडबुडे.
तोच तो.
मी बुडबुडे मोजत बसायचो.
बाराव्या दिवशी मोजायला काही नव्हतं.

हे मी धैर्यशीलला सांगत नाही.
त्याला सांगतो: बाजूला उभा राहा, तोंडासमोर नको.
हळू. पाव आटा. आवाज ऐक.
कपड्यावर वारा घ्यायचा नाही, कधीच नाही.
"का?" विचारतो.
नाही म्हणजे नाही.

घरी धाकटीच्या केसांना तेल लावायचं काम माझं.
सोमवारी सुट्टी, म्हणून सोमवारीच.
ती कुरकुरते, शाळेत सगळ्या मुली रोज लावून येतात.

टेम्पो लागलाय. गडहिंग्लजच्या दवाखान्याचे सहा बाटले,
पांढऱ्या गळ्याचे, उभेच न्यायचे,
पट्ट्यानं आवळून, झुलायला जागा नाही.
लोळवायचे नाहीत. ट्रॉली आण.
ड्रायव्हर हॉर्न वाजवतो.
मी पहिल्या बाटल्याच्या टोपीला हात घालतो.

"काका."

काय रं?

"तुमचा हात दाखवा."

आज मंगळवार.
नखांशी खोबरेल, अजून ओलसर, वासाचं.
पोरगा बघत उभा, हसत नाही.
मी नळाकडं चालू लागतो.
ड्रायव्हर पुन्हा हॉर्न वाजवतो.
वाजव म्हणावं.